जुन्या कलेक्टिबल रिव्हॉल्व्हरची साफसफाई आणि जतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं जुन्या, जपून ठेवायच्या रिव्हॉल्व्हरबद्दल आहे, रेंजवर रोज वापरायच्या हत्याराबद्दल नाही. दोन्हीचे नियम वेगळे आहेत आणि अर्धे घोळ तिथेच होतात.

जुनं रिव्हॉल्व्हर हातात आलं, पहिलं काम काय?

रिकामं आहे का बघा. तेल, फडकं, फोटो सगळं नंतर. "दीडशे वर्षांचं आहे, आता काय असणार त्यात" असं म्हणणारा माणूस जवळ असेल तर आधी त्यालाच बाजूला करा, कारण काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्पिढ्या जिवंत राहते. पर्कशन रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे १८५१ चं कोल्ट नेव्ही किंवा १८६० चं कोल्ट आर्मी वगैरे, काडतूस नसतंच. दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून ठासलेली असते आणि मागे निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ टोकावर, दारू पेटवणारी छोटी टोपी बसते, त्यामुळे मागून बघून काहीच कळत नाही. निपलवर टोपी दिसत नाही म्हणून चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं दारू भरायचं भोक, रिकामं असं समजू नका, टोपी कधीच पडून गेलेली असते आणि आतला माल तसाच असतो. बाजूने टॉर्च मारून प्रत्येक चेंबरचं तोंड बघा, नळीच्या तोंडासमोर चेहरा आणायचा नाही. आत शिशाचा करडा गोल किंवा मेणचट काहीतरी दिसलं तर थांबा, स्वतः उकरत बसू नका, ड्रिल तर अजिबात नाही, लायसन्स असलेल्या गनस्मिथकडे द्या.

पिनफायर असेल, म्हणजे लेफोशो पद्धतीचं, तर अजून सांभाळून. त्याच्या काडतुसाची पिन बाहेर डोकावत असते आणि तिच्यावर नुसता ठोका बसला तरी उडू शकतं.

साफ करायचं म्हणजे चमकवायचंच ना?

नाही! सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने झालंय. आपलं काम गंज थांबवणं, घाण काढणं आणि आहे ते टिकवणं, बस. जुन्या हत्याराची किंमत आणि अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्व दोन्ही त्याच्या मूळ फिनिशमध्ये असतं. अमेरिकेतल्या एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन) अँटिक ग्रेडिंगमध्ये 'एक्सलंट'साठी ८० टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश लागतं आणि 'फाइन'साठी ३० टक्क्यांहून जास्त, म्हणजे बघा, शिल्लक राहिलेला प्रत्येक निळसर तुकडा मोजला जातो आणि आपण तोच पॉलिशने पुसून टाकतो.

१८५१ च्या कोल्ट नेव्हीचंच घ्या. त्याच्या सिलिंडरवर गोल फिरून एक समुद्री लढाई कोरलेली असते, १६ मे १८४३ ची कॅम्पेचीची लढाई, डिझाइन ऑर्म्सबी नावाच्या एन्ग्रेव्हरचं. हे चित्र छिन्नीने खोदलेलं नाही, साच्याने दाबून रोल केलेलं आहे, त्यामुळे मुळातच उथळ. चांगल्या नगावर भिंग धरलं तर जहाजांची शिडं आणि दोरखंडाच्या बारीक रेघा दिसतात. कोणीतरी एकदा बफिंग व्हीलवर धरलेल्या नगावर लाटांच्या जागी नुसता धुरकट पट्टा उरतो. मूळ चित्र परत आणता येत नाही, कोणालाच.

फिनिश कोणतं आहे हे कळणं इतकं महत्त्वाचं का?

कारण एका फिनिशला चालणारं दुसऱ्याला मारक ठरतं. ब्लूइंग म्हणजे रंग नाही, लोखंडाचाच काळा ऑक्साइड आहे, अगदी पातळ थर. गंज पण लोखंडाचाच ऑक्साइड. म्हणून गंज खाणारं केमिकल ब्लूइंगही तितक्याच आवडीने खातं. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मी चूक टळते.

निकेल प्लेटिंगखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो. नळीतलं तांबं काढायच्या सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो, तो निकेलच्या बारीक भेगेतून आत शिरला की खालचं तांबं विरघळवतो आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं उचलतं. त्यामुळे निकेलवाल्या नगाला अमोनियावालं काही लावायचं नाही, थेंब सांडला तर लगेच पुसा.

केस कलर, म्हणजे फ्रेमवर आणि हॅमरवर दिसणारे ते निळे-तपकिरी-राखाडी ढग, हे सगळ्यात नाजूक प्रकरण. हाडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवल्यावर येणारा हा रंग निव्वळ पृष्ठभागावरचा असतो, उजेडाने फिका पडतो आणि घासल्यावर जातो. इथे स्टील वूल नाही, पॉलिश नाही, काहीच नाही, मऊ फडकं आणि वॅक्स एवढंच. स्क्रूंवर जो झगझगीत मोरपंखी निळा दिसतो तोही तसाच, साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापवून आणलेला, बोटाने घासून घासूनसुद्धा कमी होतो.

बेसिक सफाई कशी करायची, एकदा नीट सांगा.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो, नंबरांचे क्लोजअप धरून. मग नायट्राइलचे ग्लव्हज घाला, टेबलावर जाड टॉवेल पसरा, खिडकी उघडा. मऊ ब्रशने, म्हणजे मेकअपचा किंवा पेंटिंगचा कोरा ब्रश चालेल, कोपऱ्यातली धूळ झाडा. धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती न झाडता थेट फडकं फिरवलंत तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. मग सुती कापडावर थोडं हलकं गन ऑइल घेऊन छोटा भाग पुसा, कापड काळं-तपकिरी झालं की नवी बाजू घ्या. जुनं वाळलेलं तेल गुळासारखं चिकट झालेलं असतं, तिथे मिनरल स्पिरिट कापसाच्या काडीवर घेऊन हळूहळू, आणि ते मुठीच्या लाकडाला लागू द्यायचं नाही, शक्यतो मूठ आधी काढूनच ठेवा. जिथे मूळ फिनिश कमी दिसतंय तिथे आधी न दिसणाऱ्या जागी, म्हणजे मुठीखालच्या फ्रेमवर, ट्राय करून बघा. शेवटी कोरडं करून संरक्षणाचा थर. संपलं. अर्ध्या तासाचं काम दोन तास चाललंय असं वाटलं तर बहुतेक तुम्ही गरजेपेक्षा जास्त साफ करताय.

नळी पुढून साफ करू की मागून?

रिव्हॉल्व्हरची ही जुनी अडचण. सॉलिड फ्रेम असेल तर मागून रॉड जातच नाही, पुढूनच घालावा लागतो, आणि रॉड नळीच्या तोंडाच्या कडेला घासला की ती कड झिजते. म्हणून तोंडावर बसणारं ब्रासचं गाइड वापरा किंवा रॉडऐवजी पुल-थ्रू, म्हणजे दोरीला पॅच बांधून मागून पुढे ओढायचं. रॉड असेलच तर ब्रासचा किंवा कोटिंगवाला. अॅल्युमिनियम मऊ असतं, त्यात वाळूचे कण रुततात आणि मग तोच कानशीसारखा चालतो. वेब्लीसारखं टॉप-ब्रेक असेल तर मधून उघडतं आणि मागून सरळ रस्ता मिळतो, मजा आहे. सिलिंडर काढता येत असेल तर काढूनच साफ करा, म्हणजे फोर्सिंग कोन, नळीचं मागचं रुंद तोंड, पण दिसतो, जिथे शिसं आणि काजळी सगळ्यात जास्त बसते. जुन्या शिशासाठी ब्रॉन्झ ब्रश पुरतो, स्टेनलेसचा नको.

पाण्याने धुतलेलं चालतं म्हणे? लोखंडाला पाणी??

हो, ऐकायला उलटं वाटतं पण काळ्या दारूचा कचरा पाण्यानेच जातो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि खाली लोखंड कुजत राहतं. जुन्या प्रायमरमधलं, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्यातलं, पोटॅशियम क्लोरेट जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, ते आपल्या मिठाचं सख्खं भावंड. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे वरून कितीही तेल ओता, क्षार तेलाखाली आरामात बसून काम करत राहतो. कचरा खरंच आत असेल तर नळी आणि सिलिंडर सुटे करून गरम डिस्टिल्ड वॉटर, थोडा सौम्य साबण, परत साधं गरम पाणी, लगेच पूर्ण कोरडं आणि लगेच तेल. पण हे फक्त सुट्या झालेल्या स्टीलच्या भागांना. मूठ, फ्रेमच्या आतली मशिनरी, हार्ड रबर यांना पाणी नाही. आणि शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी नीट साफ करून ठेवलेलं असेल तर उगाच आंघोळ घालू नका.

गंज दिसतोय. काढू की राहू दे?

कोणता गंज ते बघा. गडद तपकिरी, गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही, असा असेल तर तो पॅटिना आहे, राहू दे, त्याचं काही वाईट चाललेलं नाही. नारिंगी, भुसभुशीत, पांढरं कापड फिरवलं तर रंग लागतो, तो चालू गंज आणि तो थांबवलाच पाहिजे.

थांबवायची रीत अशी. गंजावर हलकं तेल लावा आणि एक-दोन दिवस तसंच सोडा. हे भिजवणं लोक गाळतात आणि मग जोर लावतात. नंतर आधी नुसत्या कापडाने पुसा, बराचसा तिथेच निघतो. उरलेल्या फोडांना तांब्याच्या पट्टीने किंवा टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने तिरकं धरून खरवडा. तांबं स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे गंज सुटतो आणि खालचं स्टील वाचतं. खरवडताना आधी कचकच लागते आणि फोड निघाला की पट्टी एकदम सुळ्ळकन सरकते, तिथे हात थांबवायचा. खाली छोटा खड्डा दिसेल, तो खड्डा कायमचा, त्याला भरायला जाऊ नका.

चार शून्यवाली (००००) स्टील वूल वापरू का, यावर दोन गट आहेत आणि दोघांचं भांडण मिटणार नाही. माझं मत विचाराल तर ब्रॉन्झ वूल घ्या, भरपूर तेलात, ब्लूइंगवर, वजन न देता, आणि तेही कापड आणि तांबं हरल्यावरच. कोरडी स्टील वूल कधीच नाही. निकेल आणि केस कलरवर तर वूलचं नावच काढू नका.

उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून लाल गंजाचा काळा ऑक्साइड करायची पद्धतही आहे, काम करते, पण त्यासाठी पूर्ण खोलावं लागतं. अनुभवी माणसावर सोडा.

व्हिनेगर, लिंबू, कोला, बाजारातलं गंज काढायचं लिक्विड?

नाही, नाही, नाही आणि नाही. वर सांगितलंच, गंजाबरोबर ब्लूइंग पण जातं. रात्री बुडवून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर सकाळी राखाडी होऊन बाहेर येतं.

डब्ल्यूडी-४० मारलं तर?

ते १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं, नावातच ते आहे. भिजलेल्या वस्तूवरचं पाणी हटवायला छान. पण वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूवर भरवशाचं नाही, वाळून पिवळसर चिकट थर राहतो आणि तो बारीक मशिनरीत साचला की हॅमर, सिलिंडर सगळं जड चालायला लागतं. मारलं असेल तर घाबरू नका, पुसून काढा आणि नीट तेल किंवा वॅक्स लावा.

पूर्ण खोलून साफ करू का?

गरज काय आहे ते आधी सांगा. सगळं नीट चालतंय, आतून गंजाचं पाणी येत नाहीये, तर नका खोलू. मूठ काढून आत डोकावणं एवढं पुष्कळ झालं.

खोलायचंच असेल तर स्क्रूड्रायव्हर हॉलो-ग्राउंड हवा, म्हणजे ज्याची पात टोकाशी समांतर असते आणि खाचेत तळापर्यंत घट्ट बसते. घरातला नेहमीचा पाचरीच्या आकाराचा असतो, तो वर सरकतो आणि खाचेची कड फाडतो. जाणकार माणूस रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर सगळ्यात आधी स्क्रूची डोकी बघतो, तिथेच कळतं कोणाकोणाचे हात लागलेत. जाड पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची आउटलाइन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी खोचत जा, दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असू शकते.

स्मिथ अँड वेसनची साइडप्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकण, कधीही स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही. सगळे स्क्रू काढा, मूठ काढा, फ्रेम हातात प्लेट वर येईल अशी धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी दांड्याने मुठीच्या फ्रेमवर टकटक करत राहा. कंपनाने प्लेट आपोआप केसभर वर येते, मग बोटांनी उचला. नवखा माणूस दोन मिनिटांत कंटाळून पात घालतो, आणि ती फट मग जन्मभर दिसते.

एका वेळी एकच नग खोला. जुन्या कोल्टवर एकच नंबर फ्रेम, नळी, ट्रिगर गार्ड, बॅकस्ट्रॅप (मुठीमागची पट्टी) असा ठिकठिकाणी असतो आणि सगळे जुळणं याला भाव आहे. दोन नगांचे पार्ट मिसळले की मोठा गोंधळ.

स्क्रू जाम आहे, हलतच नाही.

पेनिट्रेटिंग ऑइलचा थेंब, दोन-चार दिवस थांबणं, परत थेंब. बरोबर बसणारी पात लावून डोक्यावर हलके ठोके. तरी नाही तर सोडून द्या, जाम स्क्रू हा काही आजार नाही. ज्योत लावणं बंद.

मुठीचं काय? तेल लावू?

लाकडाला गन ऑइल लागू देऊ नका, लाकूड काळं पडतं आणि मऊ होतं. जवसाचं तेलही जुन्या मुठीवर नको, काळपट चिकट होत जातं आणि नंतर निघत नाही (आणि त्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात, हे वेगळंच). किंचित ओलसर कापड, कोरडं कापड, पातळ वॅक्स.

हस्तिदंताला कोरडेपणा मारतो, चिरा पडतात, म्हणून हीटर, दिवे, ऊन यापासून लांब, आणि पाण्यात भिजवायचं नाही. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आणि देशाबाहेर नेण्यावर कडक नियम आहेत, तेही बघून घ्या. शिंपल्याच्या मुठीला आम्ल चालत नाही.

काळ्या हार्ड रबरच्या मुठी उजेडात तपकिरी होतात. रबरात गंधक असतं, वर्षांनुवर्षं उजेड आणि हवा लागून पृष्ठभागावर आम्ल तयार होतं, आणि ते शेजारच्या स्टीलला पण खातं. गरम पाण्याने धुतलं तर रंग आणखी उडतो. अंधारात ठेवा, बाकी काही करू नका. आणि मूठ काढताना स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून स्क्रूवरच अलगद ठोका, म्हणजे पलीकडची बाजू सुटते. कडेला नख घालून ओढलं की रबर कटकन तुटतं.

पितळ काळं पडलंय, ब्रासो मारू?

नको. १८५१ च्या नेव्हीचं ट्रिगर गार्ड आणि बॅकस्ट्रॅप पितळेचं असलं तरी त्यावर मुळात चांदीचा मुलामा असायचा, कोपऱ्यात जो काळपट राखाडी डाग राहिलाय तो बऱ्याचदा उरलेली चांदीच असते. घासलीत की गेली. हिरवा मेणचट थर असेल तर तो मात्र लाकडी काडीने काढा.

शेवटी तेल लावू की वॅक्स?

बाहेरून वॅक्स, आतून तेल. तेल खाली ओघळतं, धूळ धरतं, लाकडात शिरतं. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स तिथेच राहतं आणि वर बोटाचा ठसाही बसत नाही. रेनेसाँ वॅक्स नावाचं जे सगळे सुचवतात ते १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं आहे. कापडावर वाटाण्याएवढं पुरतं, पातळ फिरवा, थोडं सुकू द्या, कोरड्या कापडाने हलकं पुसा. कोरीव कामात जाड भरलं तर पांढरं दिसतं. आत स्प्रिंग आणि पिनांना सिंथेटिक तेलाचा एकेक थेंब, त्याहून जास्त नको.

ठेवायचं कुठे? मूळ होल्स्टरमध्ये ठेवलं तर छान दिसतं.

दिसतं छान, ठेवायचं नाही. चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली आम्लं, क्षार त्यात राहतात. होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या नगावर एका बाजूला चामड्याच्या आकाराचा गंज उठलेला दिसतो. होल्स्टर शेजारी ठेवा, वेगळं.

फोमवाली प्लास्टिक केस प्रवासापुरती. फोम ओलावा धरतो आणि म्हातारा झाला की विरघळून फिनिशला चिकटतो. ओकच्या पेटीतून आम्लाची वाफ येते, आत शिशाच्या गोळ्या असतील तर त्यांवर पांढरी भुकटी दिसेल. ती विषारी आहे, फुंकू नका, ग्लव्हज घालून वेगळी करा.

चांगली सोय म्हणजे आम्लरहित टिश्यू, गंजरोधक व्हीसीआय पेपर आणि ४५ ते ५० टक्के आर्द्रता. नुसतं लोखंड असतं तर अजून कोरडं चाललं असतं पण लाकूड-हस्तिदंत तडकतं, म्हणून हा मधला मार्ग. छोटं हायग्रोमीटर आत ठेवाच, अंदाजावर जाऊ नका. सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशावर काही तास तापवून परत वापरता येतं. टक्क्यांपेक्षाही चढउतार जास्त त्रास देतात. थंड खोलीतून दमट खोलीत आणलं की स्टीलवर दव धरतं, तेव्हा गुंडाळलेलंच राहू द्या आणि तापमान सारखं झाल्यावर उघडा.

पांढरे सुती हातमोजे घालायचे ना?

दिसायला भारी, पण निसटतात आणि धागे अडकतात. नायट्राइल बरे. उघड्या हाताने धरलंच तर ठेवायच्या आधी पुसा, घामात मीठ असतं आणि काहींच्या बोटांचे ठसे एका रात्रीत गंजून उमटतात.

हॅमर ओढून ट्रिगर दाबून बघितलं तर काय होतं? सिलिंडर झटक्याने बंद करतात तसं?

रिकाम्या चेंबरवर हॅमर आपटला तर फायरिंग पिन तुटू शकते, पर्कशनमध्ये निपल चेपतात. दाखवायचंच असेल तर हॅमर अंगठ्याने धरून हळू खाली सोडा. मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणं हे फक्त पडद्यावर करायचं काम आहे, क्रेन, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर फिरतं तो दांडा, वाकते.

झिजलेलं ब्लूइंग परत करून घेऊ का?

कलेक्टिबल असेल तर नाही. नव्या ब्लूइंगसाठी आधी पॉलिश करतात, त्यात अक्षरं बुजतात, कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांना बशीसारखा उतार येतो, आणि जाणकाराला ते लांबून ओळखू येतं. बाटलीतलं कोल्ड ब्लू त्याहून वाईट, ठिगळ वेगळंच दिसतं आणि वासही राहतो.

एकदा झाडून बघायची फार इच्छा आहे.

नका. जुनं स्टील काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेलं. कोल्टने आपलं १८७३ चं सिंगल अॅक्शन आर्मी बिनधुराच्या दारूसाठी गॅरंटीने द्यायला सुरुवात केली ती १९०० मध्ये, त्याआधीच्या नगात आजचं काडतूस घातलं तर सिलिंडर फाटू शकतो.

लायसन्स लागतं का?

देशागणिक वेगळं आहे, अँटिकची व्याख्याही वेगळी. घेण्याआधी, दुसऱ्या गावी नेण्याआधी आणि गनस्मिथकडे टाकण्याआधी आपल्याकडचा नियम लेखी बघा, दुकानदार तोंडी काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

किती दिवसांनी बघायचं?

महिन्यातून एकदा नजर, टॉर्च तिरका धरून, मुठीच्या कडेला आणि सिलिंडरच्या मागे. पावसाळी, दमट हवेत जरा जास्त वेळा. वर्षातून एकदा मूठ काढून खालचं स्टील बघा, कारण बाहेरून लख्ख असलेल्या नगाचा गंज बहुतेक वेळा तिथेच सापडतो. तारीख आणि काय लावलं ते वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, मग चहा.